स्कॅनच्या चिठ्ठीवर प्रश्न लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या गेल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत साठीनंतरच्या तपासण्यांवर लेख आला आहे. रक्तदाब, साखर, डोळे, दात या रांगेत शेवटी ‘वर्षातून एकदा फुल बॉडी पेट स्कॅन’ असं लिहिलं आहे, आणि मुलांनी आई-वडिलांना साठीची भेट म्हणून तो करून द्यावा अशी सूचनाही आहे. लेखकाचा हेतू चांगलाच असणार. पण अशा तपासण्या करण्यात जिची सारी कारकीर्द सरली अशा बाईने यावर गप्प बसणं बरं नाही, म्हणून लिहिते. पत्र लांबलं आहे. कात्री लावायचीच असेल तर इतिहासाला लावा, बाळांच्या किडनीच्या मजकुराला लावू नका.

मी न्यूक्लिअर मेडिसिनची तंत्रज्ञ. ऐंशीच्या दशकात परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये शिकले, मग मुंबईतल्या दोन-तीन रुग्णालयांत काम करून आता निवृत्त आहे. मी डॉक्टर नव्हे, रिपोर्टवर माझी सही कधी नसायची. पण पेशंटशी सुईआधी शेवटचं बोलणारी आणि पडद्यावर चित्र उमटताना सगळ्यात आधी पाहणारी मीच असायचे. त्यामुळे डॉक्टरांना जे पेशंट सांगायला विसरतात ते मला कळायचं.

लेखातली मूळ गफलत अशी की पेट स्कॅन म्हणजे सीटी स्कॅनचा महागडा थोरला भाऊ, असं त्यात गृहीत धरलं आहे. सीटीत यंत्र किरण सोडतं आणि ते शरीरातून आरपार जातात. आमच्या गॅमा कॅमेऱ्यातून किंवा पेटच्या कॅमेऱ्यातून काहीच सुटत नाही. किरण पेशंटच्या अंगातून येतात, कारण आम्ही त्याच्या शिरेत थोडं किरणोत्सारी औषध टोचलेलं असतं. शरीर ते औषध आपल्या रीतीने कुठे न्यायचं तिथे नेतं आणि कॅमेरा नुसता मोजत राहतो. कुठे गेलं, किती गेलं, किती वेळ थांबलं. फॉस्फेटच्या जातीचं औषध दिलं तर जिथे हाड नव्याने रचलं जातंय तिथे जाऊन बसतं. डीटीपीए दिलं तर किडनी ते गाळून लघवीत टाकते. साखरेच्या जातीचं दिलं तर साखरेला हपापलेल्या पेशी ते ओढून घेतात. औषध बदललं की त्याच माणसाचं त्याच दिवशी वेगळंच चित्र येतं. म्हणून ‘सगळ्या अंगाचा स्कॅन’ या मागणीला तसा अर्थच नाही. त्या अंगाला तुम्हाला काय विचारायचं आहे ते आधी ठरायला हवं.

थायरॉइडचंच घ्या. कर्जतकडची एक बाळंतीण आली होती. छातीत धडधड, हात थरथरणारे, वजन उतरलेलं. रक्तात टीएसएच तळाला, टी-फोर चढलेलं, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन जास्त. त्याच दिवशी रांगेत पन्नाशीच्या एक बाई होत्या, त्यांचे आकडे जवळजवळ तेच. दोघींना टेक्नेशियम हे किरणोत्सारी औषध टोचलं. थायरॉइड ग्रंथी टेक्नेशियमला आयोडीन समजून आत ओढते, वीसेक मिनिटांत चित्र घेता येतं. पन्नाशीच्या बाईंची ग्रंथी दोन्ही पंख पसरून भगभगीत आली, म्हणजे ग्रेव्हज, ग्रंथीच जास्त हार्मोन बनवते तो आजार. बाळंतिणीच्या चित्रात लाळग्रंथी व्यवस्थित दिसत होत्या आणि थायरॉइडची जागा रिकामी होती. तिची ग्रंथी नवं हार्मोन बनवतच नव्हती, सूज आल्यामुळे आतलं साठवलेलं रक्तात गळत होतं. बाळंतपणानंतर काही जणींना असं होतं आणि बहुतेकदा ते आपोआप उतरतं. पन्नाशीच्या बाईंना जे कार्बिमॅझोल लागणार होतं ते हिला देऊन काही साधलं नसतं. ते औषध हार्मोन बनणं रोखतं, आणि इथे बनणं आधीच थांबलेलं होतं. रक्ताचे आकडे सारखे, आजार दोन, उपचार दोन. न्यूक्लिअर मेडिसिन कशासाठी असतं असं कोणी विचारलं की मी या दोघींची गोष्ट सांगते. गंमत म्हणजे या तपासणीला ना सायक्लोट्रॉन (किरणोत्सारी द्रव्य बनवणारं मोठं यंत्र) लागतो, ना पेट.

त्या बाळंतिणीच्या चिठ्ठीवर ‘थायरॉइड स्कॅन’ हे दोनच शब्द होते. अपॉइंटमेंट घ्यायला खिडकीवर आली तेव्हा कडेवर पोर दिसलं म्हणून विचारलं, अंगावर पितं का? पीत होतं. मग आदल्या रात्री दूध काढून ठेव, सुईनंतर आम्ही सांगू तितके तास अंगावर पाजू नकोस, हे सांगता आलं. बाळ घरी ठेवून आली असती तर?

आणखी एक गोष्ट चिठ्ठीवर सहसा नसते. गेल्या महिना-दीड महिन्यात कॉन्ट्रास्ट (चित्र उठावदार यावं म्हणून टोचतात ते द्रव) देऊन सीटी झालाय का. त्या कॉन्ट्रास्टमध्ये आयोडीन खच्चून भरलेलं असतं. ग्रंथी त्याने तुडुंब झाली की टेक्नेशियम आत घेत नाही, चित्र रिकामं येतं आणि वर सांगितलेल्या सुजेसारखंच दिसतं. अशा पेशंटला चार ते आठ आठवड्यांनी यायला सांगावं लागतं. तो वैतागतो, एसटीचं तिकीट दाखवतो आणि बोलणी आम्ही खातो.

आता बाळांच्या किडनीबद्दल. हल्ली गरोदरपणाच्या सोनोग्राफीतच बाळाची एक किडनी फुगलेली दिसते. घरात रडारड सुरू होते. सोनोग्राफी एवढंच सांगते की किडनी मोठी आहे. ती वाट अडल्यामुळे मोठी झाली आहे की नुसती सैल आहे, हे आकारावरून कळत नाही, आणि ऑपरेशन करायचं की थांबायचं ते त्यावरच ठरतं. यासाठी रेनोग्राम असतो. बाळाला ईसी किंवा डीटीपीए हे किडनीतून गाळलं जाणारं औषध टोचायचं, कॅमेरा पाठीखाली, साधारण वीस-तीस मिनिटं चित्रांची मालिका घ्यायची. त्यातून प्रत्येक किडनीची एक रेघ निघते. औषध आत आलं की रेघ चढते, लघवीवाटे निघालं की उतरते. फुगलेल्या किडनीची रेघ चढून तिथेच राहते. मग लॅसिक्स टोचायचं, म्हणजे लघवीचा लोंढा येतो. वाट मोकळी असेल तर रेघ सपकन खाली येते. अडलेली असेल तर लॅसिक्स देऊनही वरच. शिवाय दोन्ही किडन्यांनी कामाची वाटणी कशी केली आहे त्याचा आकडा मिळतो. एका बाजूचा वाटा ४० टक्क्यांच्या खाली गेला, किंवा आधीच्या तपासणीपेक्षा घसरला, की सर्जन सावध होतात. पन्नास-पन्नास असेल तर पुष्कळदा नुसतं लक्ष ठेवतात.

हे लिहायला सोपं आहे. अडीच महिन्यांचं पोर अर्धा तास न हलता पडून राहिलं तरच ती रेघ खरी येते. आमची रीत ठरलेली होती. आईला आधीच सांगायचं, गाडीत झोपू देऊ नका, इथे भुकेलं आणा. सिस्टर आधी शिरेत सुई बसवून ठेवणार, मग आई पोटभर पाजणार, मग मावशी दुपट्यात घट्ट गुंडाळणार, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावणार. पोर पेंगलं की औषध. आजी सोबत असेल तर तिला डोक्याशी उभं करायचं, तिची अंगाई कुठल्याही गुंगीच्या औषधाहून भरवशाची. लोरी म्हणणाऱ्या नान्या होत्या, कोळीगीत म्हणणारी एक आजीही होती. शेवटी आणखी एक चित्र असतं आणि घाईच्या ठिकाणी नेमकं तेच गाळलं जातं. बाळाला काही वेळ खांद्यावर उभं धरायचं, लंगोट ओला होऊ द्यायचा आणि मग पुन्हा मोजायचं. काही किडन्या आडवं असताना रिकाम्या होत नाहीत, उभं केलं की होतात. मूत्राशय भरलेलं असेल तरी वरची वाट तुंबल्यासारखी दिसते. हे एक चित्र घेतलं नाही, तर जी किडनी नुसती सैल आहे तिच्यावर ‘अडलेली’ असा शिक्का बसू शकतो. आपल्या बाळाचा रेनोग्राम व्हायचा असेल तर शेवटचं उभं धरून घ्यायचं चित्र घेतलं का, हे आई-बापांनी बेधडक विचारावं.

पुरवणीने ज्याची शिफारस केली त्या पेटकडे येते. त्यात बहुतेक वेळा एफडीजी देतात, म्हणजे ग्लुकोजसारखा रेणू आणि त्याला जोडलेलं फ्लोरिन-१८. पेशी ते साखर म्हणून आत घेतात, पण पुढे पचवू शकत नाहीत, त्यामुळे ते तिथेच अडकून राहतं. कॅन्सरच्या पुष्कळशा पेशी साखरेच्या हावऱ्या असतात, म्हणून त्या चमकतात. पण साखरेची हाव काही एकट्या कॅन्सरची मक्तेदारी नाही. जिथे जंतूंशी लढाई चालू आहे तिथल्या पांढऱ्या पेशीही तितक्याच हावऱ्या. आणि आपल्याकडे ही लढाई बहुतेकदा कोणाशी असते हे सांगायला नको. क्षयरोगाची गाठ एफडीजीवर कॅन्सरइतकीच लखलखीत दिसू शकते.

भिवंडीचा एक यंत्रमागावरचा कामगार. लिम्फोमाचे (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचे) उपचार पुरे झाले होते, आधीचा पेट स्वच्छ होता. पुढच्या वेळी छातीच्या मधोमध, दोन फुप्फुसांच्या मध्ये, गाठी उजळल्या. घरच्यांनी रिपोर्ट इंटरनेटवर ताडून पाहिला आणि आजार परतला असं धरून चालले. त्याच्या डॉक्टरांनी मात्र तुकडा काढून तपासायला पाठवला. टीबी निघाला. केमोऐवजी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. रिपोर्टमध्ये आमचे डॉक्टर ‘तुकडा तपासून खात्री करावी’ असं लिहितात तेव्हा नातेवाइकांना ती पळवाट वाटते. ती पळवाट नसते. चमक म्हणजे साखर खाल्ली जातेय, एवढंच खरं. कोण खातंय ते सुईच्या टोकावर आलेल्या तुकड्यातच कळतं.

२०२१ मध्ये नवाच घोळ सुरू झाला होता. कोविडची लस ज्या दंडात घेतली त्या बाजूच्या काखेतल्या गाठी पुढे काही आठवडे चमकायच्या. डाव्या स्तनाचा कॅन्सर आणि लसही डाव्याच दंडात, अशा बाईचा स्कॅन पाहून काय वाटेल, विचार करा. मग अर्जावर एक रकाना वाढला, लस कधी घेतली आणि कोणत्या दंडात. तेवढ्याने किती काखा सुईवाचून सुटल्या!

आणि पेट स्वच्छ आला म्हणजे सुटलो, तेही नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर पुष्कळदा एफडीजी घेतच नाही, त्यासाठी पीएसएमए नावाचं वेगळं औषध आहे. मंद वाढणाऱ्या न्यूरोएंडोक्राइन (हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या) गाठी एफडीजीला दाद देत नाहीत आणि डोटाटेट नावाचं औषध दिलं की झळकतात. त्याच गाठी पुढे आक्रमक झाल्या की बऱ्याचदा उलट होऊ लागतं, म्हणून काही पेशंटचे दोन्ही स्कॅन करून गाठींचा स्वभाव जोखतात. यकृताचे काही कॅन्सर, किडनीचे काही, आजूबाजूत मिसळून जातात. मेंदू तर जन्मजात साखरखाऊ, तिथे सगळंच उजळलेलं असतं. साठीची भेट म्हणून एफडीजी पेट करून आलेल्या काकांना मुलगा म्हणणार, बाबा सगळं क्लिअर. आणि त्यांच्या प्रोस्टेटबद्दल त्या स्कॅनने कदाचित अवाक्षरही काढलेलं नसणार.

उलटही होतं. धडधाकट माणसाच्या स्कॅनमध्ये किडका दात चमकतो, जुन्या टीबीचा व्रण चमकतो, थायरॉइडमध्ये ठिपका दिसतो. मग सोनोग्राफी, सुई, पुन्हा स्कॅन, झोप उडते. त्यातून क्वचित खरोखरच काही हाती लागतं, नाही म्हणत नाही. पण त्यासाठी मोजायची किंमत नुसती रुपयांत नाही. निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसाचं माप) किरण मिळतात. टेक्नेशियमच्या थायरॉइड स्कॅनमध्ये साधारण तेवढाच डोस लागतो, हाडांच्या स्कॅनमध्ये चार-पाच. पेटसोबत सीटीही काढतात, त्या पेट-सीटीत सीटी कसा काढला त्यानुसार दहा ते पंचवीस. आजारी माणसाला याचं भय दाखवू नये, त्याला मिळणारं उत्तर त्याहून मोलाचं असतं. पण कुठलीही तक्रार नसलेल्या माणसाने हौसेने दर वर्षी हे घ्यावं, आणि तेही वर्तमानपत्राने सुचवावं?

पेटची मी वैरीण नाही. २००२ मध्ये देशातला पहिला पेट परळला आमच्याच शिक्षणसंस्थेत आला तेव्हा आम्ही जुने विद्यार्थी पाहायला गेलो होतो. लिम्फोमात दोन केमोंनंतर औषध लागू पडतंय का, फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये छाती उघडून उपयोग आहे का, महिनोन्महिने ताप येतोय आणि कारण सापडत नाही, अशा वेळी पेटसारखं दुसरं नाही. तिथे प्रश्न आधी असतो.

(इथून पुढचा एक परिच्छेद इतिहासाचा. कात्री तयार असेल तर.) टेक्नेशियम हे मूलद्रव्य निसर्गात जवळजवळ नाहीच. १९३७ मध्ये एमिलिओ सेग्रे आणि कार्लो पेरिए यांनी सिसिलीतल्या पालेर्मो इथे ते शोधलं, तेही अमेरिकेतल्या बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमधून आलेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात. आम्ही वापरतो ते टेक्नेशियम-९९एम सहा तासांत निम्मं होतं, म्हणून ते साठवून ठेवता येत नाही. त्याचा बाप मॉलिब्डेनम-९९ मात्र ६६ तासांनी निम्मा होतो. हा बाप शिशाच्या भांड्यातल्या नळीत बसवून पाठवायचा आणि रोज सकाळी सलाइनने धुऊन ताजं टेक्नेशियम काढून घ्यायचं, ही युक्ती पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत निघाली. जगभरच्या हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषधं तयार करायच्या खोलीत, या जनरेटरला गाय म्हणतात आणि रोजच्या कामाला दूध काढणं. आमची गाय सोमवारी भरपूर द्यायची, शुक्रवारपर्यंत ३६ टक्क्यांवर यायची. म्हणून हाडांचे स्कॅन आठवड्याच्या सुरुवातीला, त्यांना जास्त लागतं. थायरॉइड शेवटी, त्यांना कमी पुरतं. २००९-१० मध्ये कॅनडातली चॉक रिव्हरची अणुभट्टी बंद पडली, पाठोपाठ हॉलंडमधली पेटेनची दुरुस्तीला काढली, आणि दोन जुन्या भट्ट्यांपायी जगभर टेक्नेशियमचा दुष्काळ पडला. त्या दिवसांत रोज सकाळी चिठ्ठ्या पसरून कोणाचं पुढे ढकलता येईल ते ठरवायचे. ज्या चिठ्ठीवर प्रश्न लिहिलेला असायचा तिचा निकाल मिनिटात लागायचा. नुसतं ‘बोन स्कॅन’ लिहिलेल्या चिठ्ठीसाठी वॉर्डात फोनावर फोन.

गाईचा विषय मुद्दाम काढला. एफडीजीतलं फ्लोरिन ११० मिनिटांत निम्मं होतं. मुंबईहून मोटारीने कोल्हापूर गाठायला सात-साडेसात तास धरले तर निघालेल्या औषधाचा सोळावा हिस्सा पोचेल. तेवढ्याच प्रवासात मॉलिब्डेनमचा जनरेटर आठ टक्केही गमावत नाही, आणि पोचल्यावर आठवडाभर चालतो. म्हणजे थायरॉइड, किडनी, हाडं, हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा, पार्किन्सनचा कंप की साधा कंप हे सांगणारा ट्रोडॅट, हे सगळं जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात एका गॅमा कॅमेऱ्यावर होऊ शकतं. आमचं पायरोफॉस्फेट नावाचं जुनं औषध अडगळीत गेलं होतं. आता म्हाताऱ्या हृदयात साचणारं एक प्रकारचं अमायलॉइड नावाचं प्रथिन ओळखायला तेच पुन्हा कामाला आलं आहे, सोबत रक्ता-लघवीची एक ठरावीक तपासणी करून. बातम्या येतात त्या मात्र नव्या पेट मशिनच्या उद्घाटनाच्या. फीत कापायला पेटच शोभून दिसतो.

लांबच्या जिल्ह्यांचं मला का वाटतं ते सांगते. नवजात बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही उतरत नाही आणि शी पांढुरकी होते तेव्हा पित्तनलिका जन्मतःच बंद आहे का हे तातडीने पाहावं लागतं. त्यात आमचा हायडा स्कॅन मदत करतो. औषध यकृतातून आतड्यात उतरलं तर वाट उघडी. नाही उतरलं तर २४ तासांपर्यंत वाट पाहून शेवटचं चित्र घ्यायचं. त्याआधी पाचेक दिवस फिनोबार्बिटोन द्यावं लागतं. आणि वाट बंदच असेल तर कसाई नावाचं ऑपरेशन बाळ ६० दिवसांचं व्हायच्या आत झालं तर यश यायची शक्यता जास्त. आता तालुक्याहून जिल्हा, जिल्ह्याहून मुंबई, पाच दिवस औषध, तपासणी, रात्रभर मुक्काम. किती बाळं आमच्याकडे पोचायची तेव्हा दोन महिने उलटून गेलेले असायचे! (कसाई हे त्या जपानी सर्जनचं आडनाव, आपल्या अर्थाने घेऊ नका. एक आजोबा नाव ऐकून बाळाला घेऊन उठलेच होते.)

आता सोसायट्यांबद्दल, कारण लेखाखालच्या चौकटीत ‘किरणोत्सारी रुग्णापासून दूर राहा’ असंही छापलं आहे. कुठला रुग्ण, कुठलं औषध, काहीच सांगितलेलं नाही. आमच्या इमारतीत एका बाईंना हाडांच्या स्कॅननंतर आठवडाभर वेगळ्या ताटात जेवण दिलं गेलं. अहो, टेक्नेशियम चोवीस तासांत सोळावा हिस्सा उरतं, त्यातलं पुष्कळसं लघवीतून आधीच गेलेलं असतं. त्या दिवशी भरपूर पाणी प्या, फ्लश नीट करा, तान्ह्या नातवंडाला संध्याकाळपर्यंत मांडीवर घेऊन बसू नका, संपलं. थायरॉइडच्या कॅन्सरसाठी मोठ्या डोसचं आयोडीन-१३१ देतात ती गोष्ट वेगळी. ते आठ दिवसांनी निम्मं होतं, त्या पेशंटला खास खोलीत ठेवतात, घरी सोडताना लेखी सूचना देतात. तपासणी आणि तो उपचार एकाच चौकटीत कोंबले की आधीच घाबरलेल्या बाईला वेगळं ताट मिळतं.

संपादक महाशय, मागणं दोन आहेत. एक, तपासण्यांच्या त्या रांगेतली पेटची ओळ पुढच्या पुरवणीत काढून टाकावी, आणि दुरुस्ती लेखाइतक्याच ठळक अक्षरात छापावी. दोन, आपल्या पुरवणीत डॉक्टर मंडळी लिहितात, त्यांच्यापर्यंत एवढं पोचवावं की आमच्याकडे चिठ्ठी पाठवताना तपासणीच्या नावाखाली एक ओळ लिहा, तुम्हाला काय जाणून घ्यायचं आहे त्याची. ‘उजवी किडनी फुगलेली, अडली आहे का’ एवढं पुरतं. त्याखाली जुने आजार, ऑपरेशनं, मधुमेहाच्या गोळ्या, गेल्या दोन महिन्यांतला कॉन्ट्रास्ट, पडणं-झडणं. पडणं-झडणं हसण्यावारी नेऊ नका. प्रोस्टेटच्या एका आजोबांच्या बरगडीत ठिपका आला होता आणि सगळे गंभीर झाले होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, गेल्या गणपतीत एसटीतून उतरताना आपटलो होतो, त्यात काय सांगायचं! बरगडी त्याच जागी मोडून जुळत होती.

चिठ्ठीवर ओळ नसेल तर पेशंटने डॉक्टरांसमोर बसूनच ती लिहून घ्यावी. यात कुणाचा अपमान नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त न्यूक्लिअर मेडिसिन तंत्रज्ञ
डोंबिवली (पूर्व)

ता. क. ज्यांचा पेट खरोखर ठरलेला आहे त्यांच्यासाठी. आदल्या दिवशी व्यायाम, लांबचं फिरणं, जिने चढणं टाळा, स्नायू साखर खातात. सुईआधी सहा तास काही खाऊ नका, पाणी चालतं, बिनसाखरेचा चहासुद्धा नको. मेटफॉर्मिन चालू असेल तर ते थांबवायचं का, किती आधी, हे आपल्या डॉक्टरांना विचारा, त्याने आतडी उजळतात. साखर चढलेली दिसली म्हणून आपल्या मनाने इन्शुलिन टोचून येऊ नका, सगळं औषध स्नायूंत जाईल. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरण्याआधी पोचायचं बघा, तुमचा डोस तुमच्यासाठी थांबत नाही. आणि सुईनंतरचा तासभर गप्प पडून राहा. मोबाइलवर बोलत बसलात तर कंठ चमकतो, सुपारी चघळलीत तर जबडा.